कठडा धरून चालावे

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांनी प्रमाणपत्राच्या प्रश्नावर एकाच पिढीत दोन टोकाची मतं देशाला देऊन ठेवली आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनायक भाव्यांनी, म्हणजे पुढच्या विनोबांनी, तरुणपणी बडोद्याच्या घरी आपली शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं सुरळी करून चुलीत घातली. कधीतरी लागतील रे, असं आई म्हणाली. लागायची नाहीत, असं चिरंजिवांचं उत्तर. आणि खरोखरच लागली नाहीत. त्यानंतर चार महिन्यांनी जन्मले चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचं. हे १९१२ साली मॅट्रिकला पहिले, मग आयसीएसला पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्या आयोगाच्या कायद्यातलं २२वं कलम सांगतं की पदवी विद्यापीठाने किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेनेच द्यावी. आणि २३वं सांगतं की बाकीच्यांनी स्वतःला नुसतं विद्यापीठ म्हणवूनही घेऊ नये. थोडक्यात, एका तालुक्याने कागद जाळला आणि शेजारच्याने तो कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात आज डोलवीचं पोलाद, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल आणि धाटावची रसायनं उभी आहेत, आणि तिथे असे कागद छापले जातात की जे कपाटात ठेवावेत इतके मोलाचे नाहीत आणि जाळावेत तर लॅमिनेशनचा धूर फार होतो.

हा कागद कारखान्याच्या अंतर्गत प्रशिक्षणाचा. त्याला सोनेरी महिरप असते, वर कंपनीचं बोधचिन्ह असतं, मधोमध प्रशिक्षणार्थीचं नाव असतं आणि त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर हमखास कमी किंवा जास्त असतं. खाली दोन सह्या, त्यातली एक स्कॅन केलेली. हे सगळं हसण्यासारखं असलं तरी कागदामागचं शिक्षण हसण्यासारखं नसतं, आणि गोम तिथेच आहे. पंपाचा आवाज बदलला की आधी कुठे हात लावायचा, रिअ‍ॅक्टरचं तापमान किती भराभर चढलं म्हणजे घाबरायचं, टाकीत उतरण्यापूर्वी आतला ऑक्सिजन का मोजायचा, वर्क परमिटवर सही नसताना मुकादम कितीही ओरडला तरी वेल्डिंग का सुरू करायचं नाही, हे ज्ञान कुठल्याही महाविद्यालयातल्या फळ्यापेक्षा प्लांटवर चांगलं मिळतं. पण ते ज्ञान गेटपर्यंतच चालतं. गेटाबाहेर पाऊल टाकलं की तोच माणूस ‘दहावी पास, अनुभव आहे म्हणतो’ एवढाच उरतो. माझं म्हणणं असं की या शिक्षणाची मान्यता हवी असते कामगाराला, मागायची असते कंपनीने आणि द्यायची असते तिसऱ्याच कोणीतरी. गरजू एक, अर्जदार दुसरा! रेशनकार्डाचा अर्ज शेजाऱ्याने भरायचा अशी सोय केली, तर गल्लीत किती जणांना रेशन मिळेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मान्यता नसल्याचा तोटा फक्त कामगाराला होतो, हा समज मात्र आधी काढून टाकायला हवा. कंत्राटी कामगाराची गोष्ट घ्या. ठेकेदार बदलतो, कारखाना बदलतो, गेट बदलतं, आणि प्रत्येक गेटवर त्याला खुर्चीत बसवून तोच सेफ्टी इंडक्शनचा व्हिडिओ दाखवला जातो. त्यात एक निळ्या हेल्मेटातला आनंदी गृहस्थ जिना उतरताना कठडा धरतो. सहा कारखाने हिंडलेला माणूस कठडा धरायला सहा वेळा शिकलेला असतो; एवढ्या तालमीत एखादा राग बसला असता. सातव्या कारखान्यालाही पहिल्या सहांवर विश्वास ठेवता येत नाही, कारण त्यांनी काय शिकवलं हे सांगणारी सामाईक भाषा नाही. म्हणून सातवाही पहिल्यापासून शिकवतो, त्याचा पगारी वेळ खर्च करतो आणि खर्च ‘ट्रेनिंग मॅनडेज’ या सदरात अभिमानाने दाखवतो. वार्षिक अहवालात हा आकडा जितका मोठा तितकं बरं दिसतं. एकच धडा सातदा शिकवला की आकडा सातपट होतो, हे गणित कोणत्याही मान्यतेपेक्षा मोहक आहे.

सामाईक भाषा अगदीच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. सरकारने ती केली आहे, आणि मन लावून केली आहे. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली, तिच्यात पातळ्या आल्या. २०१८ साली एनसीव्हीईटी ही नियामक परिषद स्थापन झाली. २०२३ साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, आणि त्याने शिकण्याचं माप ठरवून दिलं: वर्षाला १२०० तास, त्याचे ४० क्रेडिट, म्हणजे ३० तासांना एक. आता हे माप धाटावला लावून पाहू. समजा, शिफ्ट सुरू होताना रोज दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक होतो. सगळे गोल उभे राहतात, सुपरवायझर आजच्या धोक्यांविषयी बोलतो, मागच्या रांगेतला एक जण जांभई देतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर पन्नास तास झाले. म्हणजे क्रेडिट पावणेदोनच्या आत. या चालीने १२०० तास भरायला चोवीस वर्षं लागतात. वयाच्या बाविसाव्या वर्षी लागलेला ऑपरेटर शेहेचाळिसाव्या वर्षी पहिलं वर्ष पुरं करील, आणि जांभईवाल्याचेही तास तेवढेच भरतील. आराखडा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं, असं नाही. नुसत्या तासांना क्रेडिट मिळत नाही, मूल्यमापन व्हावं लागतं, अशी अट त्यांनी घातलीच आहे. पण कारखान्यातून मान्यतेचा विचार सुरू होतो तो बहुधा हजेरीपटापासून. किती तास, किती माणसं, किती बॅचेस आणि समारोपाचा फोटो. शिकला का, हा प्रश्न फोटोनंतर येतो, आणि फोटोनंतर जेवण असतं.

कंपनीचा कागद कंपनीच्या आयुष्याला बांधलेला असतो, हा दुसरा मुद्दा. त्याचा पुरावा या पट्ट्यात गावातल्या पाट्यांवरच मिळतो. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला आयपीसीएलचा सरकारी कारखाना होता. २००२ साली त्याचं खासगीकरण झालं आणि २००७ साली आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. पेण तालुक्यातल्या डोलवीला इस्पात होती. २०१० साली ती जेएसडब्ल्यूकडे गेली. नाक्यावरच्या रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी नावं राहतात, ही गोष्ट वेगळी. पण ज्या लेटरहेडवर प्रशिक्षण झालं ते लेटरहेड संपलं, की त्यावरची सही एखाद्या खालसा संस्थानाच्या सनदेसारखी होते. वाचायला छान, वटवायला अवघड. यात कोणत्याही कंपनीचा दोष नाही. कंपन्या विकल्या जाणार, विलीन होणार, कधी बुडणारही. दोष आहे तो माणसाचं शिक्षण तिच्या शेअरसारखं तिच्याच नावावर ठेवण्यात. इंग्लंडमध्ये जानेवारी २००८ला तिथल्या पात्रता प्राधिकरणाने तीन कंपन्यांना स्वतःच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय दर्जाची प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार दिला: रेल्वेचे रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल, फ्लायबी ही विमान कंपनी आणि मॅकडोनाल्ड्स. फ्लायबी २०२० साली बुडाली. पण तिच्या प्रशिक्षणाला दिलेली पातळी राष्ट्रीय चौकटीतली होती, त्यामुळे विमानं जमिनीवर आली म्हणून पातळी खाली यायचं कारण नव्हतं. अंतर्गत शिक्षणाला बाहेरची मान्यता कशासाठी, याचं याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही.

आपल्याकडच्या कारखान्यातही एक असामी अशी आहे, जिच्याबद्दल सरकारने हा घोळ मुळीच ठेवला नाही. ती म्हणजे बॉयलर अटेंडंट. १९२३च्या बॉयलर कायद्यापासून, जो आता २०२५ साली नव्याने लिहिला गेला, बॉयलरपाशी कोण उभा राहणार हे ठरवण्यासाठी सरकारी परीक्षा आहे, पहिला वर्ग आहे, दुसरा वर्ग आहे, आणि तो दाखला घेऊन माणूस धाटावहून तारापूरला गेला तरी ‘आमचा व्हिडिओ बघा’ म्हणून त्याचा बॉयलर कोणी काढून घेत नाही. विजेच्या वायरमनचंही तसंच. असं का? कारण बॉयलर फुटतो, आणि फुटला की मालक, मजूर आणि शेजारचा वडेवाला यांच्यात भेद करत नाही. म्हणजे आपल्याकडे मान्यतेचा खरा निकष ज्ञान किती कठीण आहे हा नाही, अज्ञानाचा आवाज किती मोठा होतो हा आहे. या निकषालाही माझी हरकत नाही. फक्त तो निकष प्रामाणिकपणे लावायचा तर बॉयलरच्या शेजारी जो रिअ‍ॅक्टर आहे, तो चिडला तर काय करतो, हेही बघावं लागेल. आणि कंपनीतच शिकून तो रिअ‍ॅक्टर सांभाळणाऱ्याची परीक्षा बहुधा त्याच कंपनीत, तिनेच छापलेल्या वीस प्रश्नांवर होते, ज्यांतला अकरावा प्रश्न कठड्याचा असतो.

इथे पेणकर एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. आमच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत कोणाला कोणी कागद विचारला आहे का, असं ते म्हणतील. पोरगा येतो, शाडू मळतो, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासतो, कोरडा पॉलिश पेपर मारून मारून त्याच्या पापण्या पांढऱ्या होतात. मग कधीतरी अस्तर, मग अंगाचा रंग, मग धोतर-शेला, दागिने. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येतच नाही. आखणारा मूर्तीसमोर मांडी घालतो, चार केसांचा ब्रश बोटांत फिरवून टोक काढतो, श्वास धरतो, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. रेघ थबकली तर देव चकणा होतो. त्या रेघेपर्यंत पोचायला बरीच वर्षं जातात आणि मधल्या काळात एकही प्रमाणपत्र मिळत नाही. तरी पेणचा गणपती म्हटलं की मुंबई-पुण्यापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत माणूस पुढचं विचारत नाही. मग मान्यता-मान्यता काय लावलंय?

आक्षेप खरा आहे, पण तो जिथे लागू पडतो तिथेच लागू पडतो. आखणी करणाऱ्याचं काम पाटावर बसलेलं असतं. त्याच्याकडे कुणीही बघावं. अगदी चित्रकलेत नापास झालेल्यालाही डोळे जमलेत की नाही ते कळतं. रिअ‍ॅक्टर ऑपरेटरचं काम चांगलं झालं म्हणजे काय झालं? काहीच झालं नाही. रात्रपाळीत दोन वाजता त्याने एक व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला आणि धाटाव झोपून राहिलं. हे न झालेलं काहीतरी तो मुलाखतीत कसं दाखवणार? फोटो काढून? ज्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणजे घटना न घडणं, त्याला कागद लागतो. ज्याचा पुरावा समोर सोंड हलवतोय की काय असा वाटतो, त्याला तो कमी लागतो. कमी म्हटलं, लागत नाही असं म्हटलं नाही. कारण पेणमध्येही मान्यता मिळाली आहे ती मूर्तीला आणि गावाला. कोणत्या मूर्तीचे डोळे कोणी आखले, हे कारखान्यातल्या चौघांना ठाऊक असतं. मूर्ती मात्र ‘पेणची’ म्हणून जाते. हा कारागीर उद्या नाशिकला गेला तर त्याला पुन्हा एक मूर्ती पुढ्यात घेऊन बसावं लागेल. अर्थात तो बसेल आणि अर्ध्या तासात मान्यता मिळवेल. ऑपरेटरला अर्ध्या तासासाठी रिअ‍ॅक्टर कोण देणार?

कंपन्यांचा आक्षेप वेगळा, आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही. माणसाला सर्वत्र चालणारा कागद दिला तर माणूसही सर्वत्र चालू लागेल. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर याने १९६४च्या आपल्या पुस्तकात हे शिस्तीत मांडलं आहे: सगळीकडे उपयोगी पडणारं शिक्षण मालक स्वतःच्या खर्चाने देईल कशाला, त्याचा फायदा तर शेजारचा मालक घेणार. तेव्हा शिक्षण द्यायचंच, पण ते शेजाऱ्याला ओळखू येणार नाही असं बघायचं, हा मार्ग उरतो. मुलीला स्वयंपाक शिकवायचा, पण पदार्थांची नावं सांगायची नाहीत, तसं. हा डाव चालतोही. पण त्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे शेजारचा मालकही हाच डाव खेळत असतो, म्हणून आपल्याकडे येणारा प्रत्येक जण न ओळखता येणारा असतो आणि मग सातव्यांदा कठडा. दुसरं, माणसं तरीही जातात. शंभर-दोनशे रुपये हजेरी वाढली की जातात, आणि गेलेल्याच्या जागी येतो त्याला काय येतं ते कळायला तीन महिने आणि एखादी खराब बॅच लागते. कौशल्य लपवून माणूस टिकत नाही, फक्त त्याची किंमत पडते. आणि पडलेल्या किमतीचा माणूस टिकवायला फार चातुर्य लागत नाही, हेच बहुधा त्या डावाचं खरं आकर्षण असावं.

यावर प्लांटवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं: आमचा प्लांट वेगळा आहे हो, बाहेरच्याचं शिक्षण इथे चालत नाही. प्रत्येक प्लांट वेगळा असतो, यात वाद नाही. प्रत्येक सासरही वेगळं असतं. पण या आक्षेपाचं उत्तर रोह्याने स्टेशनावरच मांडून ठेवलं आहे. इथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गाडी एका संस्थेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाते, तरी डबे उतरवून पुन्हा बसवावे लागत नाहीत, कारण रुळांमधलं अंतर दोन्हीकडे १६७६ मिलिमीटर आहे. त्याच वेळी रेल्वेचा असाही नियम आहे, की इंजिन चालवण्यात कितीही मुरलेला लोको पायलट असला तरी नव्या मार्गावर त्याला आधी काही फेऱ्या नुसतं शिकण्यासाठी कराव्या लागतात. कुठे चढ आहे, कुठे बोगदा, कुठे सिग्नल वळणाआड लपतो. त्याला ते लोक ‘रोड लर्निंग’ म्हणतात. मार्ग शिकवतात, इंजिन म्हणजे काय, इथपासून नव्हे. कारखान्यांनीही एवढंच करायचं आहे. पंप, परमिट, गॅस टेस्ट आणि तो कठडा हे १६७६ मिलिमीटर. तुमचा खास व्हॉल्व्ह कुठल्या कोपऱ्यात आहे, ते रोड लर्निंग. पहिल्याला बाहेरची मान्यता घ्या आणि दुसरं खुशाल गुपित ठेवा.

प्राध्यापक मंडळींचा आक्षेप सगळ्यात चुरचुरीत असतो. उद्या वडापावच्या गाडीवरही पदवी मिळेल, असं ते म्हणतात. त्यांच्या माहितीसाठी, मॅकडोनाल्ड्सने १९६१ सालीच अमेरिकेत हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी काढली, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांना ‘हॅम्बर्गरॉलॉजी’ची पदवी मिळत असे. आपल्याकडे २३व्या कलमामुळे हे नाव जमणार नाही. म्हणून आपल्या कंपन्या ‘अकॅडमी’ म्हणतात आणि कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर भरवतात. पण प्राध्यापकांच्या भीतीत अर्धं सत्य आहे. शिकवणारा, तपासणारा आणि पास केल्याने खूश होणारा एकच असेल तर पदवी हॅम्बर्गरचीच होते, मग ती कारखान्याने दिलेली असो की महाविद्यालयाने. दुसऱ्या शक्यतेवर ते फारसं बोलत नाहीत. उपाय जुना आहे आणि आपल्या कायद्यात आहे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात मुलगा शिकतो कारखान्यात, पण ट्रेड टेस्ट होते देशपातळीवर आणि प्रमाणपत्रही राष्ट्रीय असतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे धाटावमधल्या अनेक कारखान्यांच्या फायलींत ही वाट आधीच आहे. कौशल्य विकास योजनेतली आरपीएल, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय, ती तर मालकाच्या आवारातही करता येते. परीक्षक बाहेरचा असावा, त्याने फोटोऐवजी व्हॉल्व्हकडे बघावं आणि निदान एखाद्याला तरी नापास करावं, एवढं जमलं की कागदाला किंमत येते. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही तिला आपण हळदीकुंकू म्हणतो.

राहता राहिले विनोबा. कागदाने माणूस मोठा होत नाही, हे सिद्ध करायला त्यांचं नाव घेणारा एखादा अधिकारी प्रत्येक बैठकीत असतो, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर त्याची एमबीएची पदवी फ्रेममध्ये असते. त्याला इतकंच सांगावं, की विनोबांनी जाळलं ते त्यांच्याजवळ होतं. ज्याला कधी मिळालंच नाही त्याला चूल दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं पुण्य समजावणं आहे. धाटावच्या ऑपरेटरला आधी जाळण्याजोगा कागद तरी द्या. मग तो चुलीत घालतो की कपाटात ठेवतो, ते त्याचं तो आणि त्याची आई बघून घेतील.

तूर्त भाद्रपद जवळ आला आहे आणि कारखान्यात टाइम ऑफिसशेजारी मांडव घालायचा आहे. दुसऱ्या कारखान्याच्या प्रशिक्षणावर कणभर विश्वास न ठेवणारा व्यवस्थापक या कामात मात्र एकदम उदार होतो. ‘मूर्ती पेणचीच हवी,’ असं सांगतो, हमरापूरला जातो, कोणत्या बॅचला शिकलास, क्रेडिट किती, असं काही न विचारता मूर्तीच्या डोळ्यांकडे दोन मिनिटं बघतो आणि विसार देऊन मोकळा होतो. ठरल्या दिवशी टेम्पो वडखळच्या कोंडीतून वाट काढत गेटवर येतो. सिक्युरिटीवाला चपला काढून नमस्कार करतो, मूर्तीला बिनचौकशी आत सोडतो आणि टेम्पोवाल्याला हेल्मेट देऊन खुर्चीत बसवतो. पडद्यावर निळ्या हेल्मेटातला गृहस्थ जिना उतरायला लागतो.